पंख्याचं तेलपाणी

दसरा झाला की ठाण्यापासून बदलापूरपर्यंत घराघरांत झाडलोट निघते आणि त्यात पंख्यांचा नंबर ठरलेला असतो. स्टुलावर चढून छताच्या पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवायचा आणि धूळ आतल्या आत ओढून घ्यायची, ही युक्ती आता लहान पोरांनाही येते. टेबल पंख्याची जाळी मोरीत ब्रशने घासली जाते, पातं साबणाच्या पाण्यातून निघतं. पंखा नव्यासारखा दिसू लागतो. पण टेबल पंखा ज्या जागी मरतो, तिथपर्यंत या सफाईचा हात पोचत नाही. ती जागा मोटरच्या आत, शाफ्टच्या दोन्ही टोकांना असते. आकाराने ती बोराएवढी. तिचं नाव बुश.

टेबल पंखा दुरुस्तीला आणणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्याची असते : हाताने ढकलला की फिरतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास, कल्याणला शिवाजी चौकाच्या गल्ल्यांत, डोंबिवलीत मानपाडा रोडच्या कडेला कुठल्याही विजेच्या दुकानात मार्च-एप्रिलमध्ये उभं राहावं, हे वाक्य कानावर पडतंच. हा पंखा जळालेला नसतो. त्याची कॉइल शाबूत असते, पाती शाबूत असतात. त्याला तेल हवं असतं. तरीही यातले कितीतरी पंखे त्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात. मला हे पाहवत नाही, आणि हा लेख लिहिण्याचं कारण तेवढंच आहे.

ढकलल्यावर फिरणारा पंखा मध्य रेल्वेच्या प्रवाशाला नवा नाही. खिशातला कंगवा किंवा पेन काढून जाळीतून आत घालायचं, पात्याला टिचकी द्यायची आणि पंखा सुरू झाला की चार अनोळखी माणसांच्या चेहऱ्यावर समाधान बघायचं, हे या मार्गावरच्या पिढ्यांनी केलेलं आहे. जुन्या डीसी लोकलच्या डब्यातले पंखे ११० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत. त्यांच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असत आणि ते फिरणाऱ्या तांब्याच्या कम्युटेटरवर टेकलेले असत. ब्रश झिजले, मध्ये काजळी साठली किंवा बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं की पंखा एखाद्या जागी अडून बसे. त्या जागेवरून जरासा पुढे सरकवला की वीज पोचे आणि तो आपला आपण फिरू लागे. कंगव्याने होत होतं ते एवढंच.

या पट्ट्याचा रेल्वेशी आणि विजेशी संबंध जुना आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी विजेची गाडी धावली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जीआयपी रेल्वेने खास आपल्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला चोळे पॉवर हाऊस उभारलं. डोंबिवली आणि कल्याणच्या मधल्या या स्टेशनाजवळ तयार होणाऱ्या विजेवर गाड्या घाट चढत होत्या. पुढे मध्य रेल्वेने १,५०० व्होल्ट डीसी सोडून २५ हजार व्होल्ट एसी घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. डब्यातले पंखे बदलले, छतातून हवा खेचणारी यंत्रं आली. कंगव्याचं काम कमी झालं.

हवेचं काम मात्र कमी झालं नाही. मध्य रेल्वेवरची पहिली वातानुकूलित (एसी) लोकल ३० जानेवारी २०२० ला ठाणे ज्या मार्गाचं टोक आहे त्या ट्रान्सहार्बरवर सुरू झाली. डिसेंबरात ती मुख्य मार्गावर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या वेळेवर एसी लोकल सोडल्या म्हणून कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी रुळांवर उतरले आणि वाढवलेल्या फेऱ्या रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. मग ९ जून २०२५ ची सकाळ. मुंब्र्याजवळ दाराशी लटकलेले प्रवासी गाडीतून खाली पडले, त्यात माणसं गेली. त्यानंतर रेल्वेने साध्या डब्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचा आराखडा जाहीर केला. त्यात दारांना हवेच्या झडपा आहेत आणि छतावर बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रं आहेत. दारं बंद करायची तर हवा कुठून आणायची, हा प्रश्न आधी सोडवावा लागला, कारण आजवर डब्यातली खरी हवा उघड्या दारातूनच येत होती. पंखा ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये मधल्या सीटपाशी उभं राहून पाहावं.

गाडीतल्या पंख्याला निदान कारशेड असतं. कुर्ल्याला, कळव्याला, सानपाड्याला गाडी ठरल्या मुदतीने आत जाते, तिची तपासणी होते. घरातल्या पंख्याला अशी मुदत कुणी ठरवून दिलेली नाही. तो बंद पडेपर्यंत चालतो.

आणि ठाणे जिल्ह्यातल्या लाखो माणसांचा उन्हाळा त्याच्यावर अवलंबून आहे. एप्रिल २०२४ मध्ये हवामान विभागाने मुंबई, ठाणे आणि रायगडला उष्णतेच्या लाटेचे इशारे दिले, तेही एकदा नाही. अशा दिवसांत दिव्याच्या चाळीत किंवा मुंब्रा-कळव्याच्या डोंगरावरच्या पत्र्याच्या खोलीत छताचा पंखा लावला तर तो पत्र्याखाली साचलेली गरम हवाच खाली ढकलतो. तिथे जमिनीलगत, दाराशी किंवा खिडकीपाशी ठेवलेला टेबल पंखा जास्त कामाचा, कारण बाहेरची त्यातल्या त्यात बरी हवा तो आत ओढतो. पंखा हवा थंड करत नाही. अंगावरचा घाम वाळवतो, आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणूनच हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; तितक्या तापलेल्या हवेचा झोत अंग उलट तापवतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम मुळातच लवकर वाळत नाही. त्यामुळे इथे पंख्याचा वेग अर्ध्यावर येणं म्हणजे रात्रीची झोप जाणं.

आता पंख्याच्या आत जाऊ.

टेबल पंख्याची मोटर साधी असते. बाहेर लोखंडी पट्ट्यांच्या चळतीत गुंडाळलेली कॉइल, मध्ये फिरणारा रोटर, त्यातून आरपार गेलेला शाफ्ट. पुढच्या टोकाला पातं, मागच्या टोकाला मान फिरवणाऱ्या गियरबॉक्ससाठी कोरलेला वर्म. घरात येणाऱ्या एका फेजच्या विजेला स्वतःची अशी फिरायची दिशा नसते. म्हणून कॉइलचे दोन भाग करतात आणि एका भागाला कंडेन्सरमधून वीज देतात. तिथला प्रवाह किंचित आधी-मागे होतो आणि त्या फरकातून फिरण्याचा जोर तयार होतो. हा जोर चालू पंख्याला पुरतो, पण सुरुवातीला फार कमी असतो. शाफ्टला बुशात जराशी जरी अडचण झाली तरी पंखा नुसता गुणगुणतो, हलत नाही. ढकलला की फिरतो, याचं उत्तर इथे आहे.

म्हणजे दोषी दोघांपैकी एक, कंडेन्सर किंवा बुश. हे घरीच ओळखता येतं. प्लग काढा, स्विच बंद करून भागवू नका, प्लगच काढा. जाळी उतरवा आणि पात्याला बोटाने हलकेच फिरवा. पातं चार-सहा गिरक्या घेऊन सावकाश थांबलं तर बुश ठीक आहे आणि संशय कंडेन्सरवर जातो. पातं बोट काढताच थांबलं तर बुश कोरडं आहे. मग शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवून पाहा. खडखड जाणवली तर बुश झिजून लांबट झालंय. तिथे तेलाचा उपयोग नाही, बुशच बदलावं लागेल. कारागिरांकडे आणखी एक खूण असते. कंडेन्सर गेलेला पंखा ज्या दिशेला ढकलावा त्या दिशेला फिरू लागतो, उलटासुद्धा. बुश कोरडं असलेला पंखा सुलट्याच दिशेने जोर धरतो. चालू पंख्यावरची ही परीक्षा त्यांच्यावरच सोडावी.

बुश ही या यंत्रातली मला सर्वांत आवडणारी वस्तू. दिसायला पितळी मण्यासारखं, पण ते ओतीव नसतं. तांबं आणि कथील यांची भुकटी साच्यात दाबून भट्टीत तापवतात. भुकटीचे कण एकमेकांना चिकटतात, पण वितळून एकजीव होत नाहीत. कणांच्या मध्ये बारीक पोकळ्या राहतात. बुशाच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा अशी पोकळी असते आणि त्यात तेल मुरवलेलं असतं. शाफ्ट फिरू लागला की बुश तापतं, तेल फुगून पातळ होतं आणि पृष्ठभागावर येतं. शाफ्ट त्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो, धातूला धातू लागत नाही. पंखा बंद केला की बुश निवतं आणि तेल पुन्हा आत शोषलं जातं. भोवती तेलात भिजवलेली फेल्टची चकती असते, ती कमी पडलेलं तेल पुरवते. वर्षानुवर्षं हा व्यवहार कुणाच्याही मदतीशिवाय चालतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

तो बिघडतो कसा, हे आपल्या गावांच्या हवेत शोधावं लागतं. घोडबंदर रोडवर मेट्रो चारचं काम, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं काम, कल्याण-शीळ रस्त्याची वर्षानुवर्षांची खोदाई, सगळीकडे नवे टॉवर. सिमेंटची आणि मातीची बारीक पूड खिडकीतून येते आणि पंखा ती आपल्याकडे ओढतो, कारण मोटर थंड राहावी म्हणून तिच्या मागच्या झाकणाला फटी ठेवलेल्याच असतात. एका खोलीच्या घरात फोडणीचा तेलकट धूर त्या पुडीला चिकटपणा देतो. भिवंडीत यंत्रमागांच्या आसपासच्या घरांत कापसाचे तंतू असतात. आणि प्रत्येक घरात केस असतात. पातं काढून शाफ्टच्या मुळाशी पाहा : केस, दोरे आणि धूळ यांचं घट्ट कडं तिथे गुंडाळलेलं असतं, बुशाला अगदी खेटून. ते कडं नुसतं अडथळा करत नाही, बुशातलं तेल वातीसारखं शोषून बाहेर काढतं. पंखा जाम होण्याचं इतकं साधं कारण मी इतक्या पंख्यांत पाहिलंय, की आता पंखा हातात आला की आधी तिथेच नजर जाते.

दुसरं कारण ऋतूंचं. आपल्याकडे टेबल पंखा बारमाही चालत नाही. ऑक्टोबर हीट संपली की तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर जातो आणि होळीच्या सुमारास खाली येतो. त्या चार-पाच महिन्यांत बुशातलं उरलंसुरलं तेल धुळीबरोबर घट्ट होतं, राळ बनतं. पावसाळ्यात पिशवीत राहिला तर शाफ्टवर गंजाचे ठिपके येतात. खाडीजवळच्या घरांत ते लवकर येतात. मार्चमध्ये पंखा लावला जातो, तो गुणगुणतो, फिरत नाही, घरातलं कुणीतरी ढकलतं, तो चालू होतो आणि महिनाभर असाच ढकलून वापरला जातो. हा महिना त्याच्या जिवावर बेततो. कोरड्या बुशात शाफ्ट घासत राहतो, बुश लांबट होतं, कॉइल तापते. रात्री वीज जाऊन परत आली आणि पंखा स्वतःहून सुरू झाला नाही, तर जागच्या जागी अडलेल्या मोटरमधून वीज वाहत राहते. बऱ्याच नव्या पंख्यांच्या कॉइलमध्ये उष्णतेने उडणारा फ्यूज असतो, तो उडाला तर थोडक्यात निभावतं. तो नसला तर जळका वास, धूर आणि कधी आग. ढकलून चालणारा पंखा झोपताना लावून ठेवू नका. एवढी एक गोष्ट या लेखातून कुणी घेतली तरी पुष्कळ झालं.

तेल द्यायचं तर पंखा खोलावा लागतो, आणि माणसं इथेच घाबरतात. जाळीचा प्लास्टिकचा मोठा नट नेहमीसारखा डावीकडे फिरवला की सुटतो. पात्याच्या तोंडावरच्या टोपीचे आटे मात्र उलटे असतात, ती उजवीकडे फिरवायची. पंखा फिरताना पातं सैल पडू नये म्हणून ते मुद्दाम तसे ठेवलेले असतात. हे ठाऊक नसल्यामुळे जोर लावून फोडलेल्या टोप्या दुकानांत ढिगाने दिसतात. मागचं झाकण एका-दोन स्क्रूंवर असतं, मान फिरवणारी गुंडी वर खेचली की निघते किंवा तिच्या बाजूला बारीक स्क्रू असतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा. विशेषतः शाफ्टवरच्या फायबरच्या वॉशरांचा. ते किती होते आणि कुठल्या बाजूला होते हे विसरलं, की जोडलेला पंखा एकतर घट्ट बसतो किंवा पुढेमागे ठोके देतो. कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना बोटं लावू नयेत; प्लग काढल्यावरही त्यात थोडी वीज राहते.

मग शाफ्टवरचं केसांचं कडं ब्लेडने कापून काढायचं. कॉइलवरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झाडायची. कॉइलला पाणी लावायचं नाही, ओलं फडकंही नाही. मोटरचे चार लांब स्क्रू काढले की दोन्ही बाजूंची झाकणं वेगळी होतात आणि प्रत्येक झाकणात बुश बसलेलं दिसतं. शाफ्टवर जिथे बुश टेकतं तिथे तपकिरी, चिकट पट्टा असतो. ते जुनं तेल. कारागीर ते पेट्रोलने पुसतात. घरात, गॅसजवळ, पेट्रोल काढूच नये. शिलाई मशीनचंच तेल लावून, सुती फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं की पट्टा निघतो. वेळ थोडा जास्त लागतो एवढंच. गंज असला तर अगदी बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेने नाही.

आता बुश. नुसते दोन थेंब वरून सोडले तर पंखा सुरू होतो, पण ते तेल वरवरचं, फार टिकत नाही. रिकाम्या पोकळ्या भरायच्या असतील तर बुश तेलात मुरवावं लागतं. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, पातेलं खाली उतरवायचं आणि त्या पाण्यात तेलाची स्टीलची वाटी ठेवायची. पाणी वाटीत उडणार नाही एवढं बघायचं. तेल कोमट होऊन गरम झालं की पुसून कोरडं केलेलं बुश, सुटत नसेल तर धातूच्या झाकणासकट, तेलात बुडवायचं. थोड्या वेळाने बुशाच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसू लागतात. एकेक सुटतो, वर येतो, फुटतो, त्याच्या जागी दुसरा येतो. पोकळ्यांत कोंडलेली हवा तापून बाहेर पडत असते. बुडबुडे थांबले की घाई करायची नाही. वाटी तशीच ठेवून तेल पूर्ण निवू द्यायचं, कारण निवताना बुश तेल आत ओढून घेतं. बाहेर काढून पुसलं तरी चिमटीत दाबून धरल्यावर त्याच्या अंगावर तेलाची ओल येते. फेल्टची चकतीही तशीच भिजवायची. कारखान्यात बुशात तेल भरतात तेव्हा निर्वात पात्र वापरतात. ओट्यावर केलेल्या या कामाला तितकी सर येत नाही, पण पंख्याला पुरते.

तेल कुठलं, याबद्दल घरोघरी मतं आहेत आणि त्यातली बरीचशी पंख्याच्या मुळावर येतात. खोबरेल तेल सर्वांत लोकप्रिय, कारण ते हाताशी असतं. पण ते चोवीस अंशांच्या खाली गोठतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा सहज त्याखाली उतरतो आणि बाटलीतलं तेल पांढरं होतं, तसंच ते बुशातही होतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं गोडंतेल हवा लागून चिकट होत जातं. स्कूटरच्या इंजिनाच्या तेलात मळ धरून ठेवणारी रसायनं असतात, ती बुशाच्या पोकळ्यांना उपयोगी नाहीत. डब्ल्यूडी-४० चा फवारा तर आज प्रत्येक सोसायटीत कुणाकडे तरी असतोच. तो मारला की पंखा क्षणात सुटतो आणि माणूस खूश होतो. तो मुळात ओल हटवण्यासाठी आणि अडकलेलं सोडवण्यासाठी आहे. बुशात उरलेलं तेल तो धुऊन टाकतो आणि स्वतः उडून जातो, त्यामुळे काही आठवड्यांत पंखा आधीपेक्षा कोरडा होतो. ग्रीस बुशाच्या पोकळ्या बुजवतं. ते फक्त मागच्या गियरबॉक्समध्ये, नायलॉनच्या चाकाला लावायचं. बुशासाठी पातळ खनिज तेल हवं, आणि शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुपी हे त्याचं सर्वांत सोपं, स्वस्त रूप. उषा हे नाव आपल्या घरांत शिलाई मशीनवरही होतं आणि पंख्यावरही. दोघांची तेलाची गरज एकच होती.

जोडताना एक कसब आहे आणि ते जुन्या कारागिराच्या हातात बघण्यासारखं असतं. बुश झाकणात घट्ट ठोकलेलं नसतं. स्प्रिंगच्या पातळ चकतीने धरलेलं असतं, जेणेकरून ते किंचित वळून शाफ्टच्या रेषेत यावं. म्हणून चारही स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, दर वेळी शाफ्ट बोटांनी फिरवून पाहायचा. कुठे जड लागला की स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने झाकणाच्या कडेवर हलका ठोका द्यायचा. ठोक्याबरोबर बुश जागेवर येतं आणि जड झालेला शाफ्ट एकदम मोकळा होतो. हा मोकळेपणा बोटांना कळतो, डोळ्यांना दिसत नाही. पातं बसवण्याआधी शाफ्टला नुसती चुटकी दिली आणि तो आवाज न करता फिरत राहिला, की काम झालं.

छताच्या पंख्याची गोष्ट वेगळी. त्यात बुश नसतं, बॉल बेअरिंग असतं, बहुतेक पंख्यांत ६२०२ आणि ६२०१ या मापांचं. ते दोन्ही बाजूंनी झाकलेलं असल्यामुळे वरून तेल ओतण्यात अर्थ नसतो. किरकिर सुरू झाली की बेअरिंग बदलायचं. पंखा उतरवायला दोन माणसं लागतात, आणि उतरवण्याआधी मेन स्विच बंद करायचा.

कॉम्प्युटरमधला, इन्व्हर्टरमधला किंवा सेट-टॉप बॉक्सशेजारी लावलेला तळहाताएवढा पंखा मात्र टेबल पंख्याच्या जातीचा असतो. ठाणे-कल्याणच्या भारनियमनाच्या वर्षांत, मुंबईत दिवे आणि इकडे अंधार अशी अवस्था होती, तेव्हा इन्व्हर्टर घरोघरी आला आणि त्याच्या पोटातला हा बारा व्होल्टचा पंखाही आला. त्याच्या मागचा गोल स्टिकर अर्धा सोलला की रबराचं बारीक बूच दिसतं. ते काढून एक थेंब तेल, बूच परत, स्टिकर परत. धूळ ब्लोअरने उडवताना पातं बोटाने धरून ठेवायचं. हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंगला आणि सर्किटला इजा होते. इन्व्हर्टर असेल तर त्याला हात लावण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवणं आवश्यक आहे, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

आता बाजाराकडे वळतो, कारण नुसतं तेल देऊन हा प्रश्न सुटत नाही. जुन्या कित्येक टेबल पंख्यांच्या मोटरवर तेलासाठी एक छोटं भोक असे, त्यावर झाकण असे. घरातल्या माणसाने वर्षाकाठी कुपीचं टोक तिथे लावावं, ही पंखा बनवणाऱ्याची अपेक्षा होती. हे भोक गेलं. मग काही स्वस्त पंख्यांतून मोटरचे स्क्रू गेले, त्यांच्या जागी रिबिटं आली. तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची तार आली, ती पुन्हा गुंडाळून घेण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. नवा पंखा दीड-दोन हजारांत मिळतो आणि कारागिराची तासाभराची मजुरी द्यायला जिवावर येतं. त्यामुळे एकेका गल्लीतले वाइंडिंगवाले कमी होत गेले आणि त्यांच्या जागी मोबाइलची दुकानं आली. सुटे भाग अजून मिळतात. मुंबईच्या लोहार चाळीत मिळतात, उल्हासनगरात मिळतात. मिळत नाहीत ते ते भाग बसवणारे हात.

ठाणे जिल्ह्यात तरी हे व्हायला नको होतं. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला तो वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या समारंभात, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत. मोटरी, पंप, यंत्रांचे भाग बनवणारी कामगारांची मोठी फळी या पट्ट्यात तयार झाली. त्याच वागळे इस्टेटमध्ये आयटीआय आहे, अंबरनाथलाही आहे. वीजतंत्री होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना दुरुस्तीच्या धंद्यात रोजगार दिसावा, इतपत तरी पंखे उघडता येण्याजोगे राहिले पाहिजेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणांचा समावेश आहे. माझ्या मते त्याची पहिली कसोटी पंख्यावर व्हावी : मोटर स्क्रूने उघडली पाहिजे, बुश सुटं मिळालं पाहिजे आणि तेल कुठे व किती द्यायचं हे खोक्यातल्या कागदावर मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे. तीन मागण्या आहेत, तिन्ही स्वस्त आहेत.

नव्या पंख्यांच्या विरोधात मी नाही. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग ही कंपनी काढली आणि ७५ वॅटच्या छताच्या पंख्याचं काम तीसेक वॅटमध्ये होतं हे घराघरांत दाखवून दिलं. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचे तारे सक्तीचे झाले, तेही योग्यच झालं. दिवसाचे पंधरा-सोळा तास पंखा चालणाऱ्या घरात असा पंखा आपली किंमत बिलातून फेडतो. पण त्याच्या आतलं बेअरिंग तेच आहे, त्यावर बसणारी धूळ तीच आहे. शिवाय त्यात एक सर्किट आहे, जे गल्लीतल्या कारागिराला अजून नीट उघडून दाखवलेलं नाही. कंपन्यांनी ते दाखवावं.

वाचकांना एक विनंती. फराळ संपला, पाहुणे गेले आणि टेबल पंखा माळ्यावर टाकायची वेळ आली, की तो तसाच पिशवीत घालू नका. आधी पातं काढून शाफ्टवरचे केस काढा, बुशाला शिलाई मशीनचं तेल द्या, दहा मिनिटं पंखा चालवून बघा, वर आलेलं जादा तेल पुसा आणि मग कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. तेल मार्चमध्ये द्यायला गेलात तर उशीर झालेला असतो. राळ आधीच बसलेली असते. आणि स्वतःला जमत नसेल तर गल्लीतल्या कारागिराकडे आत्ताच न्या. नोव्हेंबरात त्याच्याकडे गर्दी नसते आणि तो पंखा तुमच्यासमोर उघडून दाखवतो.